भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचंय, मेडिकलचे कोणकोणते कागद गोळा करू?

निशिगंध
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ऍडमिननी हलवा प्लीज.

माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे. २००९ मध्ये कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, मधेच स्वतःहून बंद करतो आणि मग ऍडमिट करायची वेळ येते. आईबाबा आणि तो सांगली जिल्ह्यात गावी असतात, मी लग्नानंतर पुण्यात. इतकी वर्षं बाबांनी प्रमाणपत्राचा विषयच काढू दिला नाही, कपाळावर शिक्का कशाला म्हणायचे. आता ते बहात्तरचे झालेत आणि परवा स्वतःच म्हणाले की बघ बाई काय होतंय का.

अडचण अशी की २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतली ट्रंक गेली, त्यात पहिल्या दहा वर्षांचे सगळे केसपेपर होते. पहिले डॉक्टर वारले, दवाखाना बंद. मधे मिरजेला एका खाजगी हॉस्पिटलात दोनतीनदा ऍडमिट होता. आत्ताचे डॉक्टर चार वर्षांपासून आहेत पण ते फक्त गोळ्यांची चिठ्ठी देतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून संजय गांधी निराधारचे पैसे चालू करायचा विचार आहे. नेमके कुठले कागद लागतात, एमआरआय वगैरे काढावा लागतो का, आणि मुख्य म्हणजे भाऊ त्या दिवशी व्यवस्थित दाढीबिढी करून जाऊन "मला काही झालेलं नाही" म्हणाला तर काय करायचं? कुणी यातून गेलंय का?

भुईमूग
आधी स्वावलंबन कार्डच्या (म्हणजेच यूडीआयडीच्या) साइटवर ऑनलाइन अर्ज करा. आधार, फोटो, असतील ते मेडिकल कागद स्कॅन करून टाका. एनरोलमेंट नंबर येतो, प्रिंट काढून सिव्हिलला जायचं. कुठल्या वारी कुठल्या प्रकारचा तपासणीच्या डॉक्टरांचा बोर्ड बसतो ते आधी फोन करून विचारा, नाहीतर डोळ्यांच्या दिवशी तुम्ही भावाला घेऊन जाल.

अण्णा_कराडकर
ताई एवढं टेन्शन घेऊ नका. मला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय. मी ही एवढी जाड फाईल घेऊन गेलो होतो, १९८४ पासूनची, एक्सरे सकट. डॉक्टरांनी फाईलीला हात पण लावला नाही बघा. झोपवलं, पाय वाकवला, तो कोन मोजायचा चाप असतोय तो लावला, दोन्ही पायांची लांबी टेपनं मोजली, चालून दाखवा म्हणाले, झालं. दहा मिनिटात टक्के. त्यामुळं माझं मत असं आहे की कागद कमी आणि माणूस जास्त. माणूस समोर असला की डॉक्टरला दिसतंय की.

खडूस_काकू
अण्णा, तुमचा पाय दिसतो. तिच्या भावाचं काय दिसणार आहे?

ओपीडी_नं_७
काकूंनी एका ओळीत सांगितलं. मी सायकियाट्रीची रेसिडेन्सी करताना बोर्डाच्या दिवशी बसायचो (कुठे ते सांगत नाही), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. प्रत्येक प्रकार मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे पुरावाही वेगळा. अस्थिव्यंग असेल तर सांधा किती हलतो, स्नायूत ताकद किती, हे बोर्ड स्वतः मोजतं, म्हणून अण्णांची फाईल कुणी उघडली नाही. कानाचं असेल तर ऑडिओमेट्री होते आणि दोन्ही कानांचे डेसिबल बघतात. ऑटिझमला इसा नावाची प्रश्नावली, मतिमंदत्वाला आयक्यू आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी.

मानसिक आजाराला यातलं काहीच नाही. एमआरआय, रक्ततपासणी, काही उपयोगाचं नाही, पैसे घालवू नका. तिथे आयडियाज नावाची स्केल वापरतात. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी (आंघोळ, कपडे, जेवण, गोळ्या), माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ मार्क, जितकी अडचण जास्त तितके मार्क जास्त. शिवाय आजार किती काळ आहे त्याचे मार्क. बेरीज ७ झाली की ४० टक्के, आणि ४० च्या खाली बहुतेक सवलती मिळत नाहीत.

आता यातून काय कळतं ते बघा. स्किझोफ्रेनिया हे नाव कागदावर आहे म्हणून टक्के मिळत नाहीत. एकाच आजाराचे दोन पेशंट, एक बँकेत नोकरी करतो आणि दुसरा घराबाहेर पडत नाही. फाईल जाड असली म्हणून मार्क वाढत नाहीत, पण फाईलमधून दोन गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत, आजार कधीपासून आहे आणि उपचार चालू असूनही आज काय काय जमत नाही. पहिली तुमची पुरात गेली. दुसरी चिठ्ठीवर कधीच नसते, कारण चिठ्ठीवर ओलान्झापिन १० लिहिलेलं असतं, तो आठ आठ दिवस आंघोळ करत नाही हे लिहिलेलं नसतं.

म्हणून आत्ताच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक सविस्तर पत्र घ्या. निदान, कधीपासून (त्यांच्याकडे पहिल्या दिवशी घेतलेली हिस्टरी असेलच, त्यात २००९ नक्की लिहिलं असणार), आतापर्यंतची औषधं, किती वेळा ऍडमिट, आणि रोजच्या जगण्यात काय जमतं काय नाही. हे शेवटचं मागितल्याशिवाय कुणी लिहीत नाही. चार वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा, डिस्चार्ज कार्ड असतील तर सगळ्यात वर.

आणि बोर्डाला भावाबरोबर आईला पाठवा. तुम्ही लिहिण्यावाचण्यात हुशार असाल पण तुम्ही पुण्यात असता. "रात्री झोपतो का" हे विचारल्यावर आई न अडखळता सांगेल.

खडूस_काकू
आणि सगळ्याच्या झेरॉक्सचे तीन सेट. चौथा सेट मी सुचवत नाही कारण तो तिथे गेल्यावर मागतातच, गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचंही घर चाललं पाहिजे.

निशिगंध
ओपीडी, खूप खूप धन्यवाद. आयडियाजबद्दल पहिल्यांदाच ऐकलं, आमच्या डॉक्टरांनी कधी नाव घेतलं नाही. मिरजेच्या हॉस्पिटलला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली इतकं जुनं रेकॉर्ड आम्ही देत नाही. २०१६ आणि २०१८ च्या ऍडमिशन आहेत. असं नाही म्हणू शकतात का?

नोटरी_मारुती
फोनवर विचारलंत म्हणून नाही म्हणाले. लेखी द्या. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं आहे. गंमत अशी की त्याच नियमात रेकॉर्ड जपायची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं आहे. म्हणजे २०१६ चं नष्ट केलं असेल तर तुम्ही काही करू शकत नाही. पण बरीच हॉस्पिटलं जास्त काळ ठेवतात, निदान ऍडमिशनच्या रजिस्टरमधली नोंद तरी मिळते. मानसिक आजाराला वरून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम २५ मध्ये रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिलाय. अर्जावर भावाची सही हवी, तुमची नाही. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच घेतली की रिसेप्शनच्या मुलीच्या हातातून अर्ज आपोआप वर जातो.

तेही नाही मिळालं तर आजूबाजूचे कागद शोधा. तुम्ही लोक मेडिकल पुरावा म्हटलं की फक्त डॉक्टरच्या कागदाकडे बघता. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं ना? मग कॉलेजचा दाखला काढा, तारीख आपोआप येते. कुठे नोकरीला लावला होता आणि महिन्यात घरी बसला असेल तर तिथलं काही पत्र. मेडिकल दुकानाची जुनी बिलं. बाबा नोकरीत असताना मेडिकल बिल प्रतिपूर्ती घेतली असेल तर त्या फाईलमध्ये जुने कागद ऑफिसात असू शकतात.

निशिगंध
अरे हो!! बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, २०११ ला रिटायर झाले. पहिल्या ऍडमिशनचं बिल त्यांनी टाकलं होतं बहुतेक. विचारते.

थेम्सकाठी
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी लंडनजवळ स्लाऊला असते, मला मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) आहे आणि इथे पीआयपी, म्हणजे दिव्यांगांचा सरकारी भत्ता, मिळतं. इथे टक्के वगैरे प्रकारच नाही. रोजच्या जगण्याची दहा कामं आणि हिंडण्याफिरण्याची दोन, प्रत्येकाला पॉइंट. स्वयंपाक जमतो का, कपडे घालता येतात का, किती मीटर चालता. आणि नुसतं जमतं म्हणून चालत नाही, धोका न होता, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमलं तरच जमलं असं धरतात. मी भाजी चिरू शकते पण दुसऱ्या वेळेला सुरी हातातून पडते, हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं.

माझ्या न्यूरॉलॉजिस्टचं पत्र एकदम सुंदर होतं, मेंदूतले सगळे लीजन (डाग) कुठे कुठे आहेत ते लिहिलं होतं, आणि निर्णयात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही कारण मला काय जमत नाही हे त्यात नव्हतंच. उपयोग झाला तो फिजिओच्या नोंदींचा आणि नवऱ्याने लिहिलेल्या पत्राचा. पहिल्यांदा नाकारलं होतं, मग महिन्याभरात फेरविचाराचा अर्ज आणि त्यानंतर ट्रिब्युनल. निशिगंध, तुझ्या आईला एक वही दे. रोज दोन ओळी, आज काय झालं. खोटं नाही, वाढवून नाही, जे झालं ते.

अण्णा_कराडकर
लंडनची वही लंडनला चालत असंल. इथं बोर्डासमोर शंभर माणसं उभी असत्यात, डॉक्टर तुमची वही वाचत बसणार काय.

ओपीडी_नं_७
अण्णा, वाचत नाही हे खरं. पण वही लिहिणाऱ्या आईची उत्तरं वेगळी येतात. "तसा बराच असतो हो" याऐवजी "गेल्या महिन्यात दोनदा जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट फेकलं" असं सांगते. आपल्याकडच्या आया पोराचं वाईट चारचौघात बोलत नाहीत, हीच मोठी अडचण असते. मी स्वतः बघितलंय, आई बाहेर बाकावर रडत असते आणि आत आल्यावर म्हणते चांगलाय माझा मुलगा.

वडसावाली
माह्या पोरीले सिकलसेल (रक्ताचा आजार) आहे, आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. २१ मधे सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे पण आहेत हे बऱ्याच लोकाईले माहीतच नाही म्हणून लिहून राहिली. आमचा अर्ज पहिल्यांदा वापस केला कारण आमच्याजवळ शाळेतल्या शिबिरातला सोल्युबिलिटीचा कागद होता फक्त. तो चाळणीचा रिपोर्ट होते, पक्का नाही. इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही रक्ताची तपासणी पाहिजे, त्यात एसएस का एएस ते लिहिलेलं राहते. एएस म्हणजे वाहक, त्याले प्रमाणपत्र नाही भेटत. आणि रक्त कधी कधी चढवलं, दुखणं उठून कधी भरती केलं, याची डिस्चार्ज कार्डं. मी सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत चुलीपासून दूर टांगून ठेवली जी, ताईच्या घरचा पूर वाचून अंगावर काटा आला. आता तर मोबाइलवर फोटो पण काढून ठेवते.

भुईमूग
+१ फोटोला. डिजिलॉकर पण आहे.

कट्टा_गँग
एक प्रश्न, माझ्या काकांचं डायलिसिस चालू आहे आठवड्यातून तीनदा. त्यांचं यूडीआयडी निघेल का? एजंट म्हणतोय पंधरा हजारात ६० टक्के करून देतो.

नोटरी_मारुती
किडनी, हार्ट, कॅन्सर हे २१ च्या यादीत नाहीत. त्या आजारामुळे नंतर काही अपंगत्व आलं, उदाहरणार्थ पाय कापावा लागला, तर ते वेगळं. संजय गांधीच्या योजनेत मात्र दिव्यांगांशिवाय कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांचे लोक पण धरलेत, त्यामुळे काकांसाठी तहसीलला संजय गांधी शाखेत चौकशी करा.

एजंटबद्दल: दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१, खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजल्यापासून जुन्या प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या चालू झाल्यात. आणि फेरतपासणीला एजंट बरोबर येत नसतो.

खडूस_काकू
आणि त्या प्रकरणानंतर खऱ्या लोकांकडे पण चोर असल्यासारखं बघायला लागले त्याचं काय. माझ्या भाचीला ऐकू येत नाही, जन्मापासून. बोर्डावर मागून टाळी वाजवून बघितली एकाने. मशीन शेजारी असताना! भाचीने खाणाखुणांत जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही.

थेम्सकाठी
😂😂 भाचीला माझ्याकडून कडक सलाम.

दुपारची_झोप
मी बायपोलर आहे. वाचनमात्रच होतो पण हा सगळा धागा पेशंटला वगळून चाललाय असं वाटलं म्हणून लॉगिन केलं. आईला वही द्या, आईला आत न्या, दाढी करून आला तर काय करू. त्याला विचारलंय का कुणी?

माझं प्रमाणपत्र आहे, ५० टक्के. काढायला सांगितलं तेव्हा घरच्यांशी महिनाभर बोललो नव्हतो. बोर्डावर माझ्यासमोर माझ्याबद्दल बायको सांगत होती की मी किती दिवस अंथरुणात असतो, लहान मुलासारखे पैसे कसे उडवले, आणि मी भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर वाचत होतो. ते बरोबर होतं, आणि तरी ते ऐकणं कठीण असतं. आदल्या दिवशी तिने मला जे सांगणार ते सगळं वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मते वही भावाला माहीत असली पाहिजे. चोरून लिहिलेली वही संशय घेणाऱ्या माणसाला सापडली तर काय होईल ते मी सांगायला नको.

दाढीचं म्हणाल तर करू द्या. गबाळा दिसला म्हणून कुणी मार्क देत नाही, असं मला तरी वाटतं. डॉक्टर सांगतीलच.

बाकी मला याचा फायदा फक्त इन्कम टॅक्सला होतो, ८०यू मध्ये ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. तीसुद्धा जुन्या पद्धतीने रिटर्न भरलं तरच. ऑफिसात कार्ड दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही.

ओपीडी_नं_७
दुपारची झोप, मनापासून आभार. मी वर सगळं आईवर लोटलं, तुमचं म्हणणं जास्त बरोबर आहे. दाढी करून आलेला माणूस बोर्डाला नवीन नसतो. आणि "मला काही आजार नाही" असं म्हणणं हे या आजारात इतकं नेहमीचं आहे की त्यावरून कुणी परत पाठवत नाही, डॉक्टर पुढचे प्रश्न विचारतात. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा कागदावर एक, घरचे सांगतात दुसरं आणि पेशंट तिसरं. सरळ सांगा, चांगले दिवस असतात तेही सांगा. सलग सहा महिने बरा होता हे लपवलं आणि चिठ्ठ्यांवर दिसलं की मग बाकीच्यावर पण विश्वास बसत नाही.

एक राहिलं. काही ठिकाणी खाजगी डॉक्टरच्या कागदांवर समाधान होत नाही आणि आधी सरकारी ओपीडीत काही दिवस दाखवा म्हणतात. त्यामुळे आत्तापासूनच तिथल्या मानसोपचार विभागात एकदा केसपेपर काढून ठेवा. औषध बदलायची गरज नाही, फक्त तिथे नोंद होऊ दे.

कोषागारातून_निवृत्त
मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, आपण म्हणालात वडील जि.प. शिक्षक, निवृत्त. मग पेन्शन असेल. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, इतरांना तर २१ हजार. शिक्षकाची पेन्शन दोन महिन्यांत तेवढी होते. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १५०० चं २५०० झालं हे खरं, पण आपल्या भावाला उत्पन्नाच्या दाखल्यावरच नाकारतील. सगळा पुरावा त्यासाठी गोळा करत असाल तर दिशा चुकते आहे.

आपला खरा विषय कुटुंब निवृत्तिवेतन आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत मनोविकृती किंवा अपंगत्वामुळे स्वतः कमवू न शकणाऱ्या मुलाला, वडील आणि आई दोघांच्या पश्चात, वयाची अट न लावता कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मी अशी प्रकरणं हाताळली आहेत. अडतात कुठे सांगतो. आईवडील गेल्यानंतर बहीण कागद घेऊन येते, प्रमाणपत्र नवीन काढलेलं, आणि त्यावर नुसते टक्के. नियमाला टक्क्यांपेक्षा "उपजीविका करू शकत नाही" हे हवं असतं. आणि हे आधीपासून होतं की आत्ता सुचलं, अशी शंका येते. म्हणून वडिलांच्या हयातीत प्रमाणपत्र काढा, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या (सिव्हिल सर्जनच्या) पातळीवरचं, आणि त्यात कमवू न शकण्याचा उल्लेख करून मागा. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांत मुलाचं नाव कुटुंबाच्या यादीत आहे का ते बघा, नसेल तर वडिलांच्या सहीने आजच अर्ज द्या, शिक्षण विभाग आणि पेन्शन देणारं कार्यालय दोन्हीकडे. बँकेत भावाच्या नावाचं खातं आहे का तेही बघा.

निशिगंध
सर, हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बाबा आहेत तोवर ठीक आहे आणि नंतर मी आहेच, एवढाच आमचा हिशेब होता.

नोटरी_मारुती
कोषागारसाहेबांनी लाख मोलाचं सांगितलं. मी भर घालतो, बोर्डाने कमी टक्के दिले किंवा नाकारलं तर कारण लेखी मागा, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. आणि टेम्पररी प्रमाणपत्र दिलं तर मुदत संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा.

अण्णा_कराडकर
मी माझं आधीचं मत थोडं मागं घेतो. पेन्शनसाठी कागद जास्त आणि माणूस कमी. कारण त्या वेळी माणूस नसतोयच की, वडील गेलेले असत्यात.

खडूस_काकू
अण्णा 🙏

निशिगंध
दोन महिन्यांनी अपडेट देतेय, मधे घरी गेले होते.

भावाशी बोलले. पहिले दोन दिवस चिडला, मग विचारलं एसटीत खरंच ७५ टक्के सूट मिळते का. म्हटलं ४० च्या वर आलं तर मिळते. त्याला पंढरपूरला जायला आवडतं आणि बाबा पैसे देत नाहीत म्हणून भांडणं होतात, त्यामुळे तो आता प्रमाणपत्राच्या बाजूने आणि बाबा परत थोडे विरोधात, अशी परिस्थिती आहे.

वही आईने नाही, त्याने स्वतः लिहायला घेतली. चार दिवस लिहिलं. त्यात मुख्यतः आईने काय काय चुकीचं केलं ते आहे. आई म्हणाली राहू दे, हीच दाखवू.

मिरजेच्या हॉस्पिटलने लेखी अर्जावर २०१८ चं डिस्चार्ज कार्ड दिलं, २०१६ चं फक्त रजिस्टरमधल्या नोंदीचं पत्र दिलं. बाबांच्या प्रतिपूर्तीच्या फाईलमध्ये पहिल्या डॉक्टरांचं २००९ चं सर्टिफिकेट सापडलं!! मूळ प्रत नाही पण मुख्याध्यापकांची सही असलेली साक्षांकित प्रत आहे. आत्ताच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, पहिलं तीन ओळींचं होतं, मग मी ओपीडींनी लिहिलेलं सगळं त्यांना दाखवलं तेव्हा हसले आणि दीड पान लिहून दिलं. कमवू शकत नाही हे वाक्य त्यांनी त्यात घातलंय. सरकारी ओपीडीत केसपेपर काढलाय. ऑनलाइन अर्ज झाला, बोर्डाची तारीख यायची आहे. पेन्शनच्या यादीत भावाचं नाव होतं पण जन्मतारीख चुकीची, ती दुरुस्त करायला दिलीय.

ओपीडी_नं_७
२००९ चा कागद सापडला हे फार भारी झालं. तो सगळ्यात वर लावा. बोर्डाच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका, काही लोक मुद्दाम चुकवतात, अजिबात करू नका.

नोटरी_मारुती
२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले, अर्जानंतर प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केलीय. तेवढे थांबा, मग पोच घेऊन विचारा.

कट्टा_गँग
ते रंग कसले असतात कार्डाला? काकांच्या शेजाऱ्याचं पिवळं आहे.

भुईमूग
४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं.

वडसावाली
ताई, भावाले पंढरपूरले जाऊ द्या. पण गोळ्या संगं द्या, आणि चिठ्ठीची एक झेरॉक्स त्याच्या खिशात ठेवा.